एका हौशी कारकुनाची रोजनिशी

मराठींत लघुनिबंध रुळला त्याला आतां शंभर वर्षें होत आलीं. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ आणि अनंत काणेकर यांचीं ‘पिकलीं पानें’ हीं पुस्तकें ज्या घरांत शिरलीं, त्या घरांतील तरुणांना आपणही लेखक होऊं शकूं असें वाटूं लागलें. कारण या लेखनाला लागणारें सामान ज्याच्या त्याच्या घरींच होतें. हरवलेली छत्री, न्हाव्याचें दुकान, चहाचा पेला, चुकलेली गाडी, यांपैकीं एखादा विषय घ्यावा, त्याच्याशीं घटकाभर लाडिकपणें खेळावें आणि उठतां उठतां वाचकाच्या हातावर तत्त्वज्ञानाची एक खडीसाखर ठेवावी, असा या प्रकाराचा सांचा पुढें पुढें बनून गेला. पहिल्या लेखकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मागून आलेल्यांचें लिखाण वाचतांना मात्र आम्हांस नेहमीं एक शंका येत असे. हा लेखक स्वतःशींच बोलतों आहें असें म्हणतो खरें, पण त्याचा एक डोळा संपादकाकडे आणि दुसरा वाचकाकडे लागलेला असतो. सहजपणाचें सोंग आणणें हें गंभीरपणाच्या सोंगापेक्षां कठीण असतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

मग खरोखरच कोणी तरुण मनुष्य, छापण्याचा विचार मनांत न आणतां, आपलें खाणेंपिणें, कपडेलत्ते, नाटकें, गाणीं, नोकरी आणि बायकोशीं झालेलीं भांडणें यांविषयीं रोज रात्रीं लिहीत बसला तर तें वाङ्मय कसें होईल? या प्रश्नाचें उत्तर इंग्रजी भाषेंत साडेतीनशें वर्षांपूर्वींच मिळून गेलेलें आहे. सॅम्युएल पीप्स याची १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंतची रोजनिशी हें तें उत्तर. तिचा उल्लेख आपल्याकडे बहुधा लंडनच्या आगीच्या निमित्तानें होतो. शाळेंतल्या पुस्तकांतून आगीचा उतारा वाचलेल्या माणसाला ती इतिहासाचें साधन वाटते. आमच्या मतें ती प्रथम एका तरुणाची करमणूक आहे आणि त्याच दृष्टीनें तिची परीक्षा झाली पाहिजे.

पीप्स हा लंडनमधील एका शिंप्याचा मुलगा. त्याचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ चा, म्हणजे लिहावयास बसला तेव्हां त्याला सत्तावीसही पुरीं झालेलीं नव्हतीं. केंब्रिजच्या मॉड्लिन कॉलेजांत शिकलेला, सरकारी खजिन्यांत कारकून, आणि बावीसाव्या वर्षीं प्रेमानें लग्न करून बसलेला. पदरीं पैसा थोडा. १६५८ सालीं मुतखड्याची शस्त्रक्रिया त्यानें, गुंगीचें औषध निघण्यापूर्वींच्या त्या काळांत, सोसली होती. त्या दिवसाची आठवण म्हणून जमेल त्या वर्षीं तो मित्रांना मेजवानी घाली. रोजनिशीच्या पहिल्या दिवशीं घरांत तीनच माणसें आहेत: नवरा, बायको आणि जेन नांवाची मोलकरीण. उरलेली टर्की गरम करतांना बायकोचा हात भाजला, ही त्या दिवसाची एक नोंद. देशांत त्या वेळीं क्रॉम्वेलचें राज्य कोसळून पडलें होतें आणि पुढें काय होणार हें कोणालाच ठाऊक नव्हतें. त्याचीही नोंद त्याच पानावर आहे. भाजलेला हात आणि कोसळलेलें राज्य यांना एकाच शाईनें व एकाच मापानें लिहिणारा असा लेखक आम्हांस दुसरा आढळला नाहीं. पुढें चारच महिन्यांनीं राजा दुसरा चार्लस याला परत आणणाऱ्या आरमाराबरोबर तो हॉलंडला जाऊन आला आणि त्याच जुलैंत आरमार खात्याच्या मंडळावर चिटणीस झाला. वार्षिक पगार ३५० पौंड. येथून त्याचें दैव उघडलें, आणि त्याबरोबरच त्याची हौसही.

या हौसेंत नाटकाची हौस पहिली. प्यूरिटन पक्षाच्या पार्लमेंटानें १६४२ सालीं नाटकगृहें बंद केलीं होतीं. तीं १६६० सालीं राजाबरोबर परत आलीं. अठरा वर्षें उपाशी राहिलेल्या शहराची भूक कशी असते तें पाहावयाचें असेल तर पीप्सबरोबर नाटकास जावें. १८ ऑगस्ट १६६० रोजीं त्यानें कायनॅस्टन नांवाच्या तरुण नटाला स्त्रीभूमिकेंत पाहिलें आणि आपण जन्मांत पाहिलेली ही सर्वांत सुंदर स्त्री, आवाज मात्र तितकासा बरा नाहीं, असा शेरा मारला. पुढें ३ जानेवारी १६६१ रोजीं रंगभूमीवर स्त्रिया आलेल्या त्यानें आयुष्यांत प्रथमच पाहिल्या. आणि त्यानंतर चारच दिवसांनीं पुन्हां कायनॅस्टनला एकाच नाटकांत गरीब स्त्री, नटलेली स्त्री आणि पुरुष अशा तिन्ही रूपांत पाहून, स्त्री म्हणून तो सगळ्या नाटकगृहांत सुंदर आणि पुरुष म्हणूनही सर्वांत देखणा, असा निकाल दिला. बालगंधर्वांचीं नाटकें पाहिलेल्या पिढीकडून ज्यांनीं त्या दिवसांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना हें वाचून हंसूं येईल आणि थोडें हळहळावयासही होईल. स्त्रीवेषधारी नटाचा अस्त आणि नटीचा उदय हा संधिकाल आपल्या रंगभूमीवर कित्येक वर्षें रेंगाळला आणि त्यावर वादांचे ढीग पडले. पीप्सनें तो चार दिवसांच्या अंतरांत पाहिला, दोन्ही बाजूंनीं खुश झाला आणि नटीच्या आगमनाला एका ओळीहून अधिक जागा दिली नाहीं. अभ्यासकाला ही ओळ अपुरी वाटते. पण त्या संध्याकाळीं नाटकास गेलेल्या माणसाला ती पुरेशी होती, हीच तिची खातरी.

नाट्यपरीक्षक म्हणून पीप्सची फार चेष्टा झालेली आहे. १ मार्च १६६२ रोजीं ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ त्याला आजवर पाहिलेल्यांतलें सर्वांत वाईट नाटक वाटलें. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ त्याला इतकें बेचव वाटलें कीं, तें पुन्हां पाहणार नाहीं असें त्यानें लिहून ठेवलें. नाच बरा होता आणि कांहीं बायका देखण्या होत्या, एवढेंच सुख. ‘ट्वेल्फ्थ नाइट’ हें नाटक त्या सणाच्याच दिवशीं, ६ जानेवारी १६६३ रोजीं, पाहून त्याची तक्रार अशी कीं, नांवाचा आणि त्या दिवसाचा नाटकाशीं कांहींच संबंध नाहीं! शेक्सपिअरला देव मानणाऱ्या प्राध्यापकांनीं या शेऱ्यांवर कपाळाला हात लावावा हें ठीकच आहे. परंतु आमचें मत निराळें आहे. ‘रोमिओ’च्या त्या नोंदींतच पुढें असें आहे कीं, तो पहिला प्रयोग होता, नटांची नक्कल पाठ नव्हती, आणि यापुढें पहिल्या प्रयोगास जावयाचें नाहीं असें त्यानें ठरविलें. म्हणजे तो नापास करतो आहे तो त्या दुपारचा प्रयोग. शेक्सपिअर कवि म्हणून मोठा कीं लहान, हा प्रश्न त्याच्यापुढें नव्हताच. ‘मॅक्बेथ’ त्यानें पुन्हां पुन्हां पाहिलें आणि वाखाणलें. पण तें डॅव्हनंटनें गाण्यानाचांची भर घालून नवें केलेलें ‘मॅक्बेथ’ होतें. पुस्तकांतलें नाटक आणि रंगमंचावरचें नाटक यांत जें अंतर असतें, तें ज्याला पैसे मोजून बाकावर बसावें लागतें त्यालाच कळतें. आपल्याकडे नाटकाची परीक्षा घरीं आरामखुर्चींत संहिता वाचून करण्याची जी चाल पडली, तिच्यावर उतारा म्हणून पीप्स वाचावा.

आणि बाकावर बसलेल्याला नुसतें नाटकच दिसतें असें थोडेंच आहे! १६६७ च्या फेब्रुवारींत एका शोकांतिकेला गेला असतां शेजारीं सर चार्लस सेडली हा रसिक सरदार एका मुखवटा घातलेल्या बाईशीं अशा कांहीं कोट्या करीत बसला कीं, पीप्सला नाटक ऐकूंच आलें नाहीं आणि त्याचें त्याला फारसें दुःखही झालें नाहीं. एकदां पुढें बसलेल्या एका स्त्रीनें मागें न पाहतां थुंकल्यामुळें ती थुंकी त्याच्या अंगावर आली. पण वळून पाहतांच बाई सुंदर निघाली, तेव्हां त्याचा राग जागच्या जागीं विरला. हें सर्व तो विनोद करावा म्हणून लिहीत नाहीं. घडलें, लिहिलें. विनोद आपल्याला आयता मिळतो.

त्याच्या शपथा हें तर स्वतंत्र प्रकरण आहे. नाटक आणि मद्य यांत पैसा व वेळ जातो म्हणून तो लेखी शपथा घेई, मोडल्यास गरिबांच्या पेटींत दंड टाकी, आणि मग त्या शपथांना पळवाटा शोधी. १३ ऑगस्ट १६६४ रोजीं तर त्यानें कमालच केली. स्वतःच्या पैशानें नाटक पाहावयाचें नाहीं म्हणून जेवावयास आलेल्या क्रीड नांवाच्या परिचिताला त्यानें पैसे उसने दिले आणि त्या पैशांनीं क्रीडनें पीप्स नवराबायकोंना नाटक दाखविलें! ही लबाडी आहे, पुन्हां करणार नाहीं, असेंही त्याच नोंदींत लिहून टाकलें आहे. चातुर्मासांत कांदालसूण वर्ज्य करणाऱ्या आणि ‘हा पदार्थ नियमांत बसतो कीं नाहीं’ याचा खल करणाऱ्या घरांत वाढलेल्या कोणाही मराठी वाचकाला हा मनुष्य परका वाटावयाचा नाहीं.

तरी त्याच्या रसिकतेला उथळ म्हणावें असें मात्र नाहीं. २७ फेब्रुवारी १६६८ रोजीं एका नाटकांत देवदूत खालीं उतरतांना जें वाद्यसंगीत वाजलें, त्यानें तो इतका भारून गेला कीं, बायकोच्या प्रेमांत पडलों होतों तेव्हां जसें झालें होतें तसें आपण खरोखर आजारी झालों, असें तो लिहितो. घरीं आल्यावरही रात्रभर त्याला दुसरें कांहीं सुचलें नाहीं. सुंदर गाण्यानें पोटांत कालवल्यासारखें होणें ही अवस्था ज्यांनीं अनुभवली आहे ते सांगतील कीं, तिचें याहून खरें वर्णन शोधूं गेलें तर सांपडणें कठीण. पीप्स स्वतः ल्यूट वाजवी, व्हायोल वाजवी, पांवा वाजवी, चाली बसवी. संगीताविषयीं तो बोलूं लागला म्हणजे त्याच्या भाषेंतला हिशेबीपणा गळून पडतो.

चहाविषयींही सांगितलें पाहिजे, कारण लघुनिबंधकारांचा तो आवडता विषय. २५ सप्टेंबर १६६० रोजीं पीप्सनें जन्मांत पहिल्यानें चहा प्याला. तो कसा लागला, त्यावरून कोणते विचार सुचले, याविषयीं एक अक्षर नाहीं. चीन देशचें एक पेय मागविलें, पूर्वीं कधीं प्यालों नव्हतों, संपलें. आमच्या एखाद्या लेखकानें त्यावर सहा पानें लिहिलीं असतीं.

मुंबईकर वाचकाला या पानांत एक घरगुती गंमतही सांपडेल. १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई बेट पोर्तुगालकडून चार्लसला आंदण मिळालें खरें, पण तेथला पोर्तुगीज अधिकारी तें ताब्यांत देईना. पीप्सच्या १६६३ च्या नोंदींत या फसवणुकीची चर्चा आहे. शिवाय असें कीं, राजाला दाखविलेल्या नकाशांत हें बेट आणि आसपासचीं बेटें मिळून सलग जमीन काढलेली होती, आणि प्रत्यक्षांत तें निघालें एक क्षुल्लक बेट. पुढें इंग्रजांना तें १६६५ सालीं मिळालें आणि १६६८ सालीं राजानें तें कंपनीला देऊन टाकलें. राजाला दाखविलेला तो खोटा नकाशा पुढच्या दोन शतकांत समुद्रांत भराव घालघालून खरा करण्यांत आला, हें पीप्सला कळतें तर तो खासच हंसला असता.

आगीविषयीं आम्ही थोडक्यांतच लिहितों. २ सप्टेंबर १६६६ च्या पहांटे तीन वाजतां जेननें उठवून आग दाखविली. त्यानें खिडकींतून पाहिलें, दूर आहे म्हणाला आणि पुन्हां जाऊन निजला. मग दिवस उजाडल्यावर नदीवरून पाहणी, राजाकडे धांव, घरें पाडण्याचा हुकूम, आणि पुढें आपलें मद्य व परमेसान चीज बागेंत खड्डा खणून पुरणें. जळत्या घरांचे सज्जे सोडवत नसल्यामुळें पंख होरपळेपर्यंत घिरट्या घालणारीं कबुतरें त्यानें पाहिलीं. सामानानें भरलेल्या नावांपैकीं दर तिहींत एकींत तरी व्हर्जिनल हें वाद्य होतें, हेंही त्यानें पाहिलें. हीं दोन वाक्यें ज्याला सुचलीं त्याला लेखक म्हणण्यास आम्ही तयार आहों.

येथपर्यंत वाचकाची आणि पीप्सची मैत्री निर्वेध चालते. पण ती रोजनिशी सबंध वाचणाऱ्याला पुढें दोन ठिकाणीं थांबावें लागतें. पहिलें ठिकाण १६६५ च्या प्लेगचें. शहरांत दारांवर तांबड्या फुल्या पडत होत्या, माणसें हजारोंनीं मरत होतीं. त्या वर्षाच्या अखेरीस तो हिशेब करतो तो असा कीं, या प्लेगच्या दिवसांइतक्या मजेंत आपण कधींच राहिलों नव्हतों आणि इतका पैसाही कधीं मिळाला नव्हता. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आणि २०२० सालीं स्वतः दारें लावून बसलेल्या आपल्या लोकांना हें वाक्य बोचतें. पण बोचतें तें कां, याचा शोध घेतां असें आढळतें कीं, २०२० मध्यें ज्यांचा पगार चालू होता आणि ज्यांच्या घरांत रोज नवा पदार्थ शिजत होता अशा कित्येक घरांतून तें खरें होतें. फक्त तें कोणी लिहिलें नाहीं. पीप्सनें लिहिलें. आम्ही त्याला या ठिकाणीं माफ करण्यास निघालों नाहीं. पण त्याला दोष देतांना आपला आवाज जरा खालीं ठेवावा असें म्हणतों.

दुसरें ठिकाण याहून कठीण आहे. पीप्सची पत्नी एलिझाबेथ ही लग्नाच्या वेळीं पंधराही वर्षांची नव्हती. नवरा दिवसभर कचेरींत, नाटकांत, मित्रांत. ती घरांत एकटी. १६६२ च्या नोव्हेंबरांत तिनें आपल्या एकटेपणाविषयीं त्याला पत्र लिहिलें. त्यानें तें न वाचतां तिच्यासमोर जाळलें. तिनें नक्कल ठेवली होती. ९ जानेवारी १६६३ रोजीं ती काढून तिनें त्याला वाचून दाखविली. तीं वाक्यें झोंबणारीं होतीं आणि त्यांतलें बहुतेक खरें होतें, ही कबुली खुद्द पीप्सची. त्याचा राग भडकला तो निराळ्याच कारणानें: तें सरळ इंग्रजींत लिहिलेलें होतें, कोणाच्याही हातीं लागून वाचलें गेलें असतें! त्यानें कागद फाडावयास सांगितलें, ती ऐकेना, तेव्हां त्यानें तो हिसकावून फाडला, आणि तिच्या कागदांचें पुडकें घेऊन ती रडून विनवीत असतां एकेक कागद तिच्यादेखत फाडला. त्यांत त्याचीं तिला लिहिलेलीं प्रेमपत्रेंही होतीं.

हें ज्या रोजनिशींत लिहिलें ती शेल्टनच्या लघुलिपींत होती. तिच्यावर कोणाची नजर पडली तरी अर्थ लागावयाचा नव्हता. एका छपराखालीं दोन माणसें रोजच्या जिण्याविषयीं लिहीत होतीं. एकाला गुप्त लिपि येत होती. त्याचे सहा खंड मॉड्लिन कॉलेजांत आजही जपून ठेवलेले आहेत. दुसरीला ती येत नव्हती. लघुनिबंधाच्या चर्चेंत आपण नेहमीं विचारतों कीं, लेखकाजवळ सहजपणा आहे काय. तो सहजपणा बाळगण्याची मोकळीक घरांत कोणाला होती, हें विचारावयाचें राहून जातें. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून निघालीं, म्हणून आपल्याला निदान दोन स्वयंपाकघरांतून ऐकूं आलेला आवाज आहे. एलिझाबेथचा एक कागद होता, आणि त्यांतील मजकुराचा दोन ओळींचा सारांश तेवढा तो फाडणाऱ्याच्या हातानें आपल्यापर्यंत आला.

त्यानंतर त्यानें तिला नृत्य शिकविण्यास शिक्षक ठेवला आणि लगेच त्या शिक्षकाचा मत्सर करूं लागला. स्वतः मात्र मोलकरणी आणि आश्रयास आलेल्या बायकांशीं जें वागला, त्यांतील कित्येक प्रसंगांना आज जुलूम हाच शब्द लावावा लागतो. त्या बायका नको म्हणत होत्या हें त्याच्याच नोंदींवरून दिसतें. असलीं वाक्यें तो लघुलिपींतही स्पॅनिश, फ्रेंच, लॅटिन शब्दांची खिचडी करून लिहितो. १६६८ च्या ऑक्टोबरांत एलिझाबेथनें त्याला डेबोरा विलेट या तरुण मुलीजवळ प्रत्यक्ष पकडलें, आणि मग महिनोंमहिने त्या घरांत झोंप नव्हती.

स्टीव्हन्सननें १८८१ सालीं पीप्सवर सुंदर निबंध लिहून असें सुचविलें कीं, हा मनुष्य पुढें म्हातारा होणाऱ्या आपल्याच स्वतःसाठीं लिहीत होता. हें पुष्कळ अंशीं पटतें. पण स्टीव्हन्सनसमोर जी आवृत्ति होती तींतून बरेंच गाळलेलें होतें. केंब्रिजच्या जॉन स्मिथ नांवाच्या गरीब विद्यार्थ्यानें १८१९ ते १८२२ अशीं तीन वर्षें खपून ती लिपि सोडविली. त्या लिपीची किल्ली म्हणजे शेल्टनचें पुस्तक त्याच ग्रंथालयांत फळीवर होतें, हें त्या बिचाऱ्याला कोणीं सांगितलें नाहीं! १८२५ सालीं लॉर्ड ब्रेब्रुकनें जें छापलें तें सोंवळें करून छापलें. एकही शब्द न गाळलेली आवृत्ति लेथम आणि मॅथ्यूज यांनीं १९७० ते १९८३ या काळांत अकरा खंडांत काढली. दीडशें वर्षें लोकांनीं ज्या खेळकर पीप्सवर प्रेम केलें तो ब्रेब्रुकच्या कात्रीनें घडविलेला होता, हें आतां मान्य केलें पाहिजे.

आणि तो केवळ स्वतःसाठींच लिहीत होता, हेंही आम्ही पूर्णपणें मानीत नाहीं. त्यानें ते खंड बांधून घेतले, सूचींत घातले, आणि आपल्या तीन हजार पुस्तकांबरोबर कॉलेजला राहतील अशी व्यवस्था केली. जाळण्याचें काम त्याला चांगलें येत होतें. स्वतःचे कागद त्यानें जाळले नाहींत. वाचक त्याला नको होता असें नाहीं. ओळखीचा वाचक नको होता. आपल्या लघुनिबंधकारांत आणि त्याच्यांत फरक आहे तो एवढाच, पण त्यानेंच सर्व कांहीं बदलतें: वाहवा करणारा कोणी समोर नसल्यामुळें त्याला आपलें रूप सांवरून बसावें लागलें नाहीं.

वाचकांस आमची सूचना अशी कीं, निवडक उताऱ्यांच्या पुस्तकानें आरंभ करूं नये. तीं पुस्तकें आगीकडे धांवतात. १६६३ सालचा सबंध खंड घ्यावा आणि रोज एक नोंद याप्रमाणें वाचावी. जानेवारींतला तो दिवस लवकरच येतो, आणि त्यानंतरच्या नाटकांना, गाण्यांना व जेवणांना निराळी चव लागते. ज्यांना वेळ आहे त्यांनीं मग १६६० कडे वळावें.

डोळे जातील या भीतीनें पीप्सनें ३१ मे १६६९ रोजीं लिहिणें थांबविलें. डोळे गेले नाहींत. तो १७०३ पर्यंत जगला. एलिझाबेथ त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तापानें वारली, तेव्हां ती एकोणतीस वर्षांची होती. लंडनच्या सेंट ओलेव्हच्या देवळांत त्यानें बसविलेला तिचा अर्धपुतळा अजून आहे. रोजनिशी पांच महिने आधींच संपलेली असल्यामुळें तिच्या मृत्यूविषयीं तींत कांहीं नाहीं.